डाव्या बाजूचा फोटो

दिघीतला कडुनिंब एकदम गळत नाही. माघ सरत आला की एखाद्या सकाळी स्कूटीच्या सीटवर चार पिवळी पानं दिसतात. आपण ती हाताने झटकून कामाला निघतो. आठवड्याभरात मात्र सोसायटीचं अख्खं पार्किंग पिवळं होतं आणि झाडणाऱ्या मावशी झाडाकडे बघून पुटपुटायला लागतात. यंदाही तसंच झालं. परवा दोरीवरचे कपडे काढताना दादांच्या स्वेटरच्या बाहीत अडकलेली पानं निघाली, आणि मला एकदम मैनाचे केस आठवले.

मैना हे रसूलभाईंचं तट्टू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या मुलाचं दुचाकीचं गॅरेज आहे. त्याच्या मागे तेव्हा पत्र्याची शेड होती, आणि त्या शेडमध्ये मैना राहायची. माझ्या खांद्यापर्यंतही न येणारी, तांबूस-काळसर अंगाची. त्या रंगाला रसूलभाई 'कुमैत' म्हणत. नवरदेव बसवायला ती बुटकी, म्हणून वरातीच्या घोड्यांसारखं तिच्या वाट्याला बँडबाजा फारसा आला नाही. बागेतल्या लहान पोरांच्या फेऱ्या, वाढदिवस, जयंतीच्या मिरवणुकीत फेटा बांधून बसलेलं एखादं बाळ, एवढंच तिचं काम. परिसरातली किती पोरं पहिल्यांदा तिच्या पाठीवर बसून रडली असतील आणि उतरवताना पुन्हा रडली असतील, कुणास ठाऊक.

घोड्यालाही पानगळ असते, हे मला त्या वर्षी कळलं. थंडीत अंगावर आलेली जाड लव फाल्गुन लागला की सुटायला लागते. खरारा फिरवला की मुठी-मुठीने केस हातात येतात, आणि मधूनच खालची नवी, चकचकीत लव दिसते. मधल्या काळात जनावर बघवत नाही. अंगाला कसर लागल्यासारखं दिसतं. नेमकं त्याच काळात रसूलभाईंना तिचा चांगला फोटो हवा होता.

कारण साधं होतं. आदल्या पावसाळ्यात ते घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. काठी आली, आणि मैनाबरोबर चालणं संपलं. शेड ज्या जागेवर होती ती जागा मालकाने बिल्डरला दिली होती. मैनाला दुसरं घर शोधणं भाग होतं. मुलाने मोबाइलवर चार फोटो काढून घोडेवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकले. भर दुपारी, अगदी जवळून, उभ्याने काढलेले. फोटोत मैनाचं डोकं भोपळ्याएवढं आणि पाय वितीएवढे आले होते. मागे टायरचा ढीग होता. ग्रुपवर पहिलंच उत्तर आलं, "भावा, गाढव देतोय का?" त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

रसूलभाई तो फोन घेऊन आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"सुजाताबेटा, तू कंपनीत फोटो काढतेस ना?"

"काढते चाचा, पण ते वेगळे असतात."

"वेगळे म्हणजे?"

आता त्यांना काय सांगणार! मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. भट्टीतून ओतून आलेल्या लोखंडी भागांना तडा गेला असेल, बारीक भोकं पडली असतील, तर त्याचा फोटो काढायचा, त्यावर लाल बाण दाखवायचा आणि पुढे पाठवायचा. इतकी वर्षं मी फक्त दोषांचेच फोटो काढत आले होते. शिवाय लोखंड हलत नाही.

"मैनाचा असा फोटो काढ," रसूलभाई म्हणाले, "की बघणाऱ्याचं दिल लागलं पाहिजे. कुणाच्याही दावणीला बांधायची नाही मला तिला. जो मागेल त्याने मनापासून मागितलं पाहिजे."

मी हो म्हटलं, त्याला आणखी एक कारण होतं. ते आमच्या घरातलं होतं.

दिवाळीच्या आधी आई गेली होती. दादा, म्हणजे माझे वडील, पिंपरीतल्या कंपनीत टर्नर होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं तीन शब्दांवर आलं होतं. हो, नको, आणि असू दे. जेवणार का? हो. आणखी भाजी? नको. पंखा लावू? असू दे. विहारात वंदनेला यायचे, तिथेही मागच्या रांगेत गप्प. सकाळी मी कंपनीच्या बसला निघताना ते ज्या खुर्चीत बसलेले असत, संध्याकाळी परतल्यावर त्याच खुर्चीत दिसत. मधल्या दिवसाचं त्यांनी काय केलं, हे विचारायचं मला धाडस व्हायचं नाही. रसूलभाईंना काठीमुळे मैनाची दोरी धरता येणार नव्हती. कुणीतरी धरायला हवं होतं. मी दादांना म्हटलं, "रविवारी येता का जरा? घोडं धरायला."

"हो," दादा म्हणाले. मला वाटलं, ऐकलं नसेल नीट. पण रविवारी सकाळी ते माझ्याआधी पायात चपला घालून तयार होते.

तट्टाचा फोटो काढणं हे मी त्या रविवारपासून चुकत-चुकत शिकले. चुलत भावाचा कॅमेरा मागून आणला होता. जवळ गेलं की डोकं मोठं येतं, म्हणून बरंच लांब जाऊन झूम करायचं. उभ्याने काढलं की पाय आखूड दिसतात, म्हणून गुडघ्यावर बसायचं, तेही लीद आणि गॅरेजचं ऑइल चुकवून. चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर ते तिपाई वाटतं. ऊन तिरकं हवं, कारण काळसर अंग दुपारच्या उन्हात नुसता एक डाग होऊन जातं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे कान. कान मागे पडलेले असले की गरीब गाय दिसते, नाहीतर रागावलेली. कान टवकारले की तेच जनावर ताठ, देखणं, शहाणं वाटतं. म्हणून मी किल्ल्या वाजवल्या, वेफरचं पाकीट चुरगळलं, छत्री उघडून मिटली. मैना पहिल्यांदा बघायची. दुसऱ्यांदा बघायची नाही. तिला बागेतल्या पोरांची सवय होती, माझ्यासारखे खेळ तिने भरपूर पाहिले होते.

आणि केस! ज्या उन्हात फोटो चांगला आला असता, त्याच उन्हात तिच्या पाठीवरचे सुटलेले पुंजके उठून दिसायचे.

"चाचा, हे केस गळून जाऊ द्या. मग काढू."

"किती दिवस?"

"तुम्हीच सांगा, घोडं तुमचं आहे."

रसूलभाईंनी काठीने जमिनीवर रेघ ओढली, पुसली. "बिल्डरचा माणूस रोज चक्कर मारतो," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "ठीक आहे. थांबू. घाईत लग्न लावायचं नाही मुलीचं."

पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की कपडे धुवायच्या मशीनच्या जाळीत तांबूस केस अडकताहेत. दादा रोज सकाळी मला न सांगता शेडमध्ये जात होते आणि मैनाला खरारा करत होते. मी विचारलं तर म्हणाले, "लवकर निघतील केस." तीन शब्दांचं वाक्य! मी स्वयंपाकघरात जाऊन ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

फाल्गुनात दिघीच्या टेकडीकडे गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. लष्कराच्या हद्दीची भिंत जिथे संपते, तिथे थोडी मोकळी जागा आहे. मागे टायर नाही, पत्रा नाही, टॉवर नाही, नुसतं गवत आणि आभाळ. मैनाचं अंग नवं, गुळगुळीत झालं, तेव्हा तिला आम्ही तिथे नेलं. पुढे दोरी धरून दादा, मागे मी, आणि मुलाच्या स्कूटरवर मागे बसून काठी आडवी धरलेले रसूलभाई. मी गुडघ्यावर बसते न बसते तोच भिंतीकडून एक जवान आला.

"मॅडम, यहाँ फोटो मना है. बोर्ड नहीं देखा?"

"भिंतीचा नाही काढत. घोडीचा काढतेय," मी म्हटलं, आणि मग तेच मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं.

त्याने मैनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच दादांना हात करून मैनाला माझ्या पलीकडच्या बाजूला उभं करायला लावलं, म्हणजे कॅमेऱ्याची पाठ भिंतीकडे आली. जाता जाता घुटमळला. "घर में ऐसी ही थी," म्हणाला. मैनाच्या मानेवर एकदा हात फिरवला आणि निघून गेला.

त्या सकाळी उजव्या बाजूचे फोटो फार सुंदर आले. सोनेरी गवत, चकाकणारी पाठ, चार पाय सुटे, मान उंच. रसूलभाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. "झालं, बेटा. हेच पाठव."

"आता डावीकडून."

"डावीकडून कशाला?"

कशाला ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. मैनाच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. कधीकाळी मिरवणुकीतल्या फटाक्याची ठिणगी लागली होती, तेव्हापासून त्या डोळ्यावर दुधाळ पांढरा डाग होता आणि त्या बाजूचं तिला काही दिसत नव्हतं.

"लोक फूलच बघतील," रसूलभाई म्हणाले. "मैनाला बघणार नाहीत."

"चाचा, आमच्याकडे तडा लपवून माल पाठवला तर तो परत येतो. मैना परत आली तर?"

"परत आली तर बरंच की," रसूलभाई पटकन म्हणाले, आणि मग तोंड फिरवून गवताकडे बघत राहिले. शेवटी दादा म्हणाले, "नवीन माणूस आंधळ्या बाजूनं गेला, तर बिचकेल ती. लाथ मारेल. मग तो तिला मारेल."

रसूलभाईंनी मान हलवली. "काढ," म्हणाले.

डाव्या बाजूचा फोटो काढणं सोपं नव्हतं. मैनाला मी दिसतच नव्हते. माझ्या पायाखाली गवत वाजलं की ती दचकायची, गोल फिरून चांगला डोळा माझ्याकडे करायची. दोन-तीनदा असं झाल्यावर रसूलभाई म्हणाले, "त्या बाजूला कुणीतरी बोलत राहावं लागतं. आवाज चालू असला की तिला कळतं, कोण कुठे आहे. मग उभी राहते."

"काय बोलायचं?" दादांनी विचारलं.

"काहीही. मी तर शिव्याही देतो प्रेमाने."

दादा दोरी सैल सोडून तिच्या डाव्या अंगाला, फोटोच्या चौकटीबाहेर उभे राहिले. आधी नुसतं "ए मैना, ए मैना" झालं. आवाज थांबला. मैना हलली. मग दादा बोलायला लागले.

"काल गवार आणली," ते म्हणाले. "निबर निघाली सगळी. ती असती तर शेंग मोडूनच बघितली असती. मला नाही कळत. भाजीवाला म्हणतो कोवळी आहे, मी म्हणतो बरं."

मैनाचा डावा कान त्यांच्याकडे वळला. मी बटण दाबलं.

"दवाखान्यात शेवटी तिला पेज पाहिजे होती. दुसरं काही नको म्हणाली. सुजा ड्यूटीवर होती. मी घरी येऊन केली. आयुष्यात पहिल्यांदा भाताला हात लावला. डब्यात घालून नेली, बसमध्ये मांडीवर धरून. ती सगळी प्याली. नंतर घरी पातेल्यात उरलेली मी चाखली, तर त्यात मीठच नव्हतं. घालायचंच विसरलो होतो. ती काही बोलली नाही. सगळी प्याली."

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी आईने पेज घेतली, एवढंच नर्सने सांगितलं होतं. मी गुडघ्यावर बसलेली, एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला लावलेला. मी बटण दाबत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. दादा बोलतच होते. कंपनीतल्या लेथ मशीनचं, पहिल्या पगाराला घेतलेल्या पातेल्याचं, आई पहाटे उठून डबा करायची त्याचं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. शेजारच्या माणसाला बातमी सांगावी तसं. मैना दगडासारखी उभी होती. रसूलभाई स्कूटरवर पाठमोरे बसून राहिले होते.

फोटो दोन्ही बाजूंचे पाठवले. खाली रसूलभाईंच्या सांगण्यावरून मी लिहिलं, 'डाव्या डोळ्यात फूल आहे. स्वभाव गरीब. बोलत जावं लागतं.' उजवीकडच्या फोटोला भराभर अंगठे आले. चौकशा आल्या, पण डोळ्याचं कळल्यावर एकेकजण गळत गेला. एकाला लग्नात नाचवायला हवी होती, त्याला रसूलभाईंनीच नाही म्हटलं. गुढीपाडवा झाला, यात्रांचे दिवस सुरू झाले. शेडच्या पलीकडच्या कोपऱ्यात खडीचा ढीग येऊन पडला. रसूलभाई आता फोन हातात घेऊनच बसायचे.

आणि मग एका दुपारी चाकणच्या पुढच्या एका गावातून खंडूभाऊ आले. पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात फोन. त्यांची घोडी घाटातल्या, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवरच्या, शर्यतीची होती. आमच्या भागात गाडा पळतो तेव्हा बैलांच्या पुढे स्वार बसलेली एक घोडी पळते, तशातली. त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकण्याआधीच विचारलं, "फोटू कुनी काढला वो?"

"मी," म्हटलं.

"डाव्या बाजूचा?"

"दोन्ही."

"उजवा आमी बगितला न बगितला. तसलं समदेच टाकत्यात." त्यांनी फोन काढून डाव्या बाजूचा फोटो समोर धरला. "ह्यो बगा."

रसूलभाई घाईने म्हणाले, "भाऊ, डोळ्यात फूल आहे. आधीच सांगितलंय. पळायला नाही यायची."

"व्हय, दिसतंय की. पळवायची न्हाई आमाला. आमच्या घोडीच्या जोडीला एक तट्टू हुतं, म्हातारं. संक्रांतीला गेलं. तवापासनं घोडी दान्याला तोंड लावंना. यात्रा आल्या, तरी न्हाई. डागतर म्हनला, रोग न्हाई काय, एकटी पडलीया. जोड बगा." त्यांनी पडद्यावर मैनाच्या कानापाशी अंगठा टेकवला. "आन मला ह्यो कान दिसला. हिला दिसत न्हाई तर ही कानानं बगतीया. कुनाचं तरी आईकतीया. आमच्या घोडीला आसंच कुनीतरी पायजे."

दादा शेडच्या दारात उभे होते. खंडूभाऊंसाठी चहा सांगायला ते स्वतः गेले.

त्या शेडच्या जागी आज सात मजले आहेत. खाली गाड्या लागतात. गॅरेज मात्र आहे, आणि ऑइलच्या कॅलेंडरशेजारी मैनाचा फोटो आहे, पांढऱ्या डोळ्याचा. रसूलभाई आता फारसे बाहेर पडत नाहीत. दादा मधूनमधून भोसरीहून बस धरतात, चाकणला उतरून वडापच्या जीपने गावात जातात, आणि परत आले की आधी गॅरेजात शिरतात. त्यांच्या मोबाइलवर मैनाचे फोटो असतात. जवळून, उभ्याने, भर दुपारी काढलेले. डोकं भोपळ्याएवढं. रसूलभाई चष्मा वर सरकवून प्रत्येक फोटो निरखतात आणि म्हणतात, "अंगानं भरली हो." मी दादांना झूम शिकवायला गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि तसेच काढत राहिले.

मैना इथून गेली तो दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. टेम्पो सकाळीच आला. रसूलभाईंच्या बायकोने, मुमताजभाभींनी, पोळीत गूळ घालून मैनाला भरवला. रसूलभाई गॅरेजच्या आत पाना शोधत होते. पाना त्यांच्या समोरच पडलेला होता. फळी लावली, मैना चढेना. खंडूभाऊंनी चुचकारलं, ड्रायव्हरने मागून रेटून पाहिलं, ती फळीवर पुढचा पाय ठेवायची आणि काढून घ्यायची. टेम्पोची डावी भिंत तिला दिसत नव्हती, नुसता वाजणारा पत्रा कळत होता.

दादा कपाळाला आठी घालून थोडा वेळ बघत राहिले. मग घरातल्या स्लिपरवरच टेम्पोत चढले, डाव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. "हे बघ, आता आपण मोशीवरून जायचं. तिथं कंटेनर फार असतात, घाबरायचं नाही..." मैना फळी चढून आत गेली, सरळ त्यांच्यापाशी. ते उतरायला निघाले की ती मागे वळायची. दोनदा तसं झालं.

"दादा, आता काय करायचं?" मी खालून विचारलं.

"काय करायचं? जातो," दादा म्हणाले. "इथून बोलणं थांबवून चालणार नाही."

मी त्यांच्या चपला आणि पाकीट आणायला घरी धावले, पण येईपर्यंत टेम्पो वळणावर पोचला होता. रसूलभाई तेव्हा बाहेर आले. रिकाम्या शेडकडे न बघता ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "चांगला फोटो काढलास, बेटा. नको तेवढा चांगला." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही दोघं तसेच रस्त्याकडे बघत राहिलो.

संध्याकाळी, मी भात लावला होता तेव्हा फोन वाजला. खंडूभाऊंच्या नंबरवरून दादा होते. मला वाटलं, पोचलो म्हणतील आणि ठेवतील. दादा म्हणाले, "आज इथंच राहतो. माझी वाट बघू नको." आणि फोन ठेवला नाही. चाकणच्या सिग्नलला मैना कशी शहाण्यासारखी उभी राहिली ते सांगितलं. खंडूभाऊंची घोडी पांढरी आहे, भलतीच उंच आहे, आधी कान पाडून बघत होती, मग हळूहळू सरकत मैनाच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली, ते सांगितलं. दोघींनी एकाच पाटीत तोंड घातलं, ते दोनदा सांगितलं. इथे पिठल्यात मिरची फार घालतात. गावाच्या मागे ओढा आहे, अजून पाणी आहे. उद्या येताना कांदे आणू का, इथे चांगले आहेत. तुझ्या आईला पांढरे कांदे आवडायचे, तुला आठवतं का?

कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी, मग आणखी कितीतरी. दादा बोलतच होते. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "दादा, एक मिनिट थांबा हं, भात करपतोय," आणि मी फोन न ठेवता, तसाच ओट्यावर ठेवून गॅस बंद केला.